पाइपातील लोखंड नेणाऱ्या करंटाबाबत

ता. १५-२-१९७२

नाव गहिनीनाथ भीमा दरंदले, वय ४६, धंदा साखर कारखान्यात पहारेकरी, रा. निंबखेडे, ता. नेवासे, जि. अहमदनगर. ठाण्यात समक्ष हजर राहून, हवालदार श्रीमंत यांनी विचारल्यावरून जबाब देतो की,

कारखान्यात गोदामापासून रेल्वेच्या धक्क्यापर्यंत साखरेची पोती नेणारी विजेची छोटी गाडी आहे. तिच्या रुळाशेजारी पाण्याचा लोखंडी पाइप पुरलेला आहे. शनिवारी तो गळू लागल्याने उकरला. त्याची चाळण झाली होती. स्टोअरकीपर रंगनाथ यांनी वजन केले, ते पुरतानाच्या वजनापेक्षा ३९ किलो कमी भरले. त्यांनी लगेच माझ्या नावाने चोरीची फिर्याद दिली. पाइप जमिनीखाली चार फूट होता. मी खाली जाऊन तो कुरतडला काय, असे मी त्यांना विचारले.

वीज खात्याचे धर्माधिकारी साहेब म्हणाले, "गाडीचा करंट रुळातून परत जातो. रुळाचे सांधे ढिले झाले, की तो मातीतून पाइपात शिरतो आणि बाहेर पडताना लोखंड खाऊन जातो. त्याला भटका करंट म्हणतात." त्यावर हवालदार म्हणाले, "भटका असंल तर ते काम नगरपालिकेचं हाय."

सांधे तांब्याच्या तारेने जोडा, असे साहेबांनी दोनदा लिहून दिले होते. रंगनाथ यांनी तार दिली नाही. म्हणाले, "तांबं उघड्यावर ठिवलं तर चोरीला जाईल." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

शनिवारपासून मला कामावर घेतलेले नाही. पत्नी साळूबाई हिला पाणवठ्यावर बाया "चोराची बायको" म्हणतात. मला याची फार लाज वाटते. सतरा वर्षांत मी कारखान्यातले उसाचे कांडेही खाल्लेले नाही. एकदा खाल्ले, ते पडलेले होते.

म्हणून काल मी पाइपाचा आणि भोवतीचा सगळा गंज मुद्देमाल म्हणून खरवडून आणला. मातीचे वजन नको यासाठी साळूबाईने तो वाळवून पिठाच्या चाळणीने चाळला. आज ठाण्यात मोजला. ५६ किलो भरला.

धर्माधिकारी साहेबांचे म्हणणे, लोखंड गंजताना हवा धरते, म्हणून वजन वाढते. हवालदार म्हणाले, "मी रोज सायकलीत हवा भरतो. ती जड का व्हत न्हाई?"

सबब ३९ किलोच्या चोरीतून मला मोकळे केले आहे, आणि वरचे १७ किलो कोठून चोरले हे सांगेपर्यंत ठाण्यात बसवून ठेवले आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरला आहे व खरा आहे.

सही
ग. भी. दरंदले