वाचवलेली काडी

काटकसर मले नका शिकवू, बायांनो. आगपेटीची काडी वाचावी म्हणून मी राळेगावात वर्षभर शेजारच्या गिरजामायच्या चुलीतून गवरीवर विस्तव आणला. म्हातारी एकटीच राहायची. एकदा मी तिच्या गंजावरचं झाकण उचललं, "रोज काय शिजवून राह्यली वो माय?"

आत नुसतं पाणी उकळत होतं.

"दाणा कुठं हाय?"

"तीन दिवसांपासून नाही."

"मंग चूल कायले पेटवली?"

"तू विस्तव मागाले येतं ना. चूल थंडी दिसली, तर गावभर सांगशीन."

माझं तोंड होतंच तसं. दोन भाकरी नेल्या, तर तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी लाजेनं मी घरचीच काडी ओढली. तिच्या छपरातून त्यानंतर धूर निघाला नाही.