अधिक की वजा

मुलगी – तसं नाही हो, बाबा. पुन्हा ऐका. दोन फलनं आहेत. पहिलं, पाच एक्स अधिक सात. दुसरं, दोन एक्स वजा चार. पहिल्यातून दुसरं वजा करायचं.

बाबा – तीन एक्स… वजा… अकरा.

मुलगी – परत तेच! कंसाबाहेर वजा असला की आतली सगळी चिन्हं उलटी होतात. तुम्हीच वर्गात घसा फोडून सांगायचात ना? वजा चारचे झाले अधिक चार. मग सात आणि चार?

बाबा – अकरा. वजा.

आई – पुरे गं आता, दमलेत ते. पक्षाघाताच्या झटक्यातून माणूस हाती लागला, तेवढं पुष्कळ झालं. शाळेला कळवून टाकते, गणिताला दुसरे सर बघा म्हणून. कळवू ना हो?

बाबा – हो. हो, हो! (मान जोरजोरात आडवी हलवतात.)

मुलगी – आई, थांब जरा. बाबा, हे शेवटचं. आलेल्या उत्तरात एक्सची किंमत दोन धरा. किती होतात?

बाबा – सतरा.

मुलगी – किती?

बाबा – सतरा गं!

आई – चुकलं का?

मुलगी – अगं, तीन दुणे सहा. सहातून अकरा गेले तर उणे पाच यायला हवेत. सहात अकरा मिळवले तरच सतरा येतात. बाबांनी मिळवलेत, आई! डोक्यात अधिकच आहे, तोंडातून तेवढं वजा पडतंय.

आई – म्हणजे, शब्द उलटा येतोय?

मुलगी – सकाळी पंखा बंद कर म्हणाले, मी केला तर केवढे चिडले!

आई – आणि मला वाटलं, आजारपणानं तिरसट झालेत. अगं, मग आत्ताचं ते 'हो'?

मुलगी – बाबा, बोलू नका. शाळेत परत जायचं असेल तर डावा हात वर करा.

आई – अगं बाई! पार डोक्याच्या वर नेला.

मुलगी – पण वर्गात अधिकला वजा म्हणालात तर पोरं गोंधळतील हो.

बाबा – फळा.

मुलगी – फळ्यावर लिहिणार? उजवा हात तर अजून उचलत नाही.

बाबा – डावा. शिकतो.

मुलगी – अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येईल.

आई – येऊ दे. तू खडू शोध जा. जुन्या पाटीवर आत्ताच सुरुवात करू दे त्यांना.

मुलगी – आणते. तू का रडतेस आता?

आई – कुठे रडतेय? जा तू. … अहो, रोज विचारायचे, कुठे दुखतंय का? तुम्ही रोज नाही म्हणायचात. मी बापडी निवांत झोपायचे.

बाबा – नाही… दुखत… नाही.

आई – असू दे, बोलू नका. माझा हात घ्या, आणि दुखतंय तिथे ठेवा.