बोटातल्या अंगठीची मोड

हॅलो? … हां ताई, बोल. … अगं शर्वरीच बोलतेय, माझ्या फोनवर दुसरं कोण असणार?

हो, हो… विकली. … विक्रमनं साखरपुड्यात घातलेली, प्लॅटिनमची. तीच. … निघाली नाही गं, कापली. … बोट नाही! अंगठी कापली. बोट जागेवर आहे.

अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगते. साबण झाला, तेल झालं, आईनं तर तूपसुद्धा चोळलं. घटस्फोटाला वर्ष झालं, नवरा सुटला पण अंगठी सुटेना! … हस, हस. बँकेत काउंटरवर रोज कुणी ना कुणी अंगठी बघून विचारायचंच, 'मॅडम, भाईसाहब क्या करते हैं?'

किमतीचा अंदाज? … काढला होता ना! पण बोटातली अंगठी तोलायची कशी? स्वयंपाकघरातल्या काट्यावर हात ठेवून बघितला. … काही नाही, माझा हात जड आहे एवढं कळलं. शेवटी पाच ग्रॅम धरली. शंभरात पंच्याण्णव भाग प्लॅटिनम, आजचा भाव, त्यातून दुकानदाराची कपात… विसेक हजार येतील म्हटलं.

आधी हजरतगंजला गेलो, मी आणि आई. एसी, काचा, सगळं चकचकीत. तो सराफ म्हणतो, कापली तर निम्मेच देऊ. … मग काय! मी म्हटलं, 'भैया, मोडीत वजन देखते हैं, गोलाई नहीं.' … हो, मीच! … तर म्हणे, बाहेरचा माल आम्ही घेतच नाही.

मग रिक्षा केली, अमीनाबाद. तिथे एक म्हातारे सराफ. म्हणाले, 'बिटिया, हाथ ढीला छोड़ो.' आणि छोटीशी चक्री लावली. काय चिवट असतं गं प्लॅटिनम! बोट भाजू नये म्हणून मधे मधे पाणी सोडत होते. आईनं डोळे गच्च मिटलेले. … मी? मी उघडे ठेवले. बघायचंच होतं मला.

… मग टक् झालं. … हो गं, एवढंच. टक्.

बोटावर गोरा पट्टा उमटलाय. सारखा हात फिरतोय त्याच्यावर.

आतून शिक्का निघाला, साडेनऊशेचा. म्हणजे अस्सल. आणि शेजारी आमची दोघांची नावं. … हो ना, मी विसरलेच होते. ते म्हणाले, 'नाम घिस दूँ?' मी म्हटलं, 'रहने दीजिए, गलाने पर अपने आप मिट जाएगा.' … छे, मी नाही रडले. आई रडली. तिला बघून मला हसू फुटलं, मग तीही हसत सुटली. त्यांनी दोघींना चहा पाजला.

अच्छा, ते राहिलंच! तोलली तर जवळजवळ सात ग्रॅम! … हो, कपात जाऊन सत्तावीस हजार हातात.

एफडी? … नाही करणार. … अगं, थोडे संपलेसुद्धा! … ओरडू नकोस, ऐक तरी. आम्ही मलिहाबादला आलोय, आंब्याच्या बागेत. झाड घेतलं. दशहरीचं! … जमिनीसकट नाही गं बाई, या मोसमाचा बहर. त्या झाडावरचा आंबा न् आंबा आपला. आत्ता त्याच्याखालीच उभी आहे. … आईची कल्पना. मी कुठली!

आणि उरलेल्यात तुमची नागपूरहून तिकिटं. जूनमध्ये पोरांना घेऊन ये. … नाही, भाऊजींना विचारू नकोस, सांग.

काय? … आतून कसं वाटतंय? … थांब, सांगते.

… खरं सांगू ताई? भूक लागलीय. किती दिवसांनी अशी कडकडून…

हां? नाही, नाही, आई इथेच आहे… आई? … आई! अगं, पदर खोचून कुठे निघालीस! … कैरी हवी तर बागवाल्या चाचांना सांग ना! … ताई, ठेवते, ठेवते, आई झाडावर चढतेय!