टाकी कोरडी होती, ती मुद्दाम

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे शेजारच्या दवाखान्यातले डोळ्यांचे डॉक्टर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आपले दातांचे डॉक्टर, आणि ज्यांचे दात त्यांनी भरले, उपटले किंवा नव्याने बसवले असे समोरचे आपण सर्व,

मंगळवार, दिनांक अकरा मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सत्कारमूर्तींनी माझ्या माशांच्या टाकीत पाणी ओतलं.

आपण हसलात. साहजिक आहे. माशांच्या टाकीत पाणी ओतलं तर बिघडलं कुठे, असं माझ्या मुलीलाही वाटलं, आणि तिथूनच माझे भोग सुरू झाले. पण मला गौरवाचे चार शब्द बोलायला बोलावलं आहे, तेव्हा आधी ते.

बावीस वर्षं मी या दवाखान्यात येते. डॉक्टरांचा हात हलका आहे. बोलणंही गोड, फक्त ते बोलतात तेव्हा समोरच्याच्या तोंडात कापूस, नळी आणि त्यांची दोन बोटं असतात. मुलाचं नवं घर, स्वतःची पाठदुखी, खिडकीला पडदा हिरवा शोभेल की निळा, सगळ्यावर त्यांनी माझं मत विचारलं आहे. आता आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बजावलेलं, तोंडात काही असताना बोलायचं नाही. ती शिस्त मी इथे निमूट पाळली. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडून दिली, आणि या खुर्चीत मात्र माझीच लाइन बंद. आज पहिल्यांदा माझं तोंड मोकळं आहे आणि डॉक्टरांच्या तोंडात केक आहे. सावकाश खा, डॉक्टर. मान हलवू नका, तिचा अर्थ मी माझ्या सोयीने लावीन.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतली टाकी आठवते ना? तिच्यात प्लास्टिकचा एक खजिना होता आणि एक उदास मासा. मासा वारला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काकू, तुम्हाला पाणवनस्पतींचा नाद आहे, तुम्हीच काहीतरी करा." निवृत्तीनंतर मला तो नाद लागला हे खरं. टाकीत मागे उंच झाडं कोणीही लावतो. कस लागतो तो पुढे, काचेलगत, जमिनीसरशी हिरवळ अंथरताना. त्यातही दुकानात ढिगाने मिळणारं गवत मला नको होतं. मी एक विलक्षण गवत मिळवलं. त्याचं खरं नाव उच्चारायला दात धड लागतात. मी त्याला खादाड म्हणते. दिसायला नाजूक लव, पण खाली मातीत खसखशीएवढ्या पिशव्या. पाण्यातला बारीक जीव जवळ आला की पिशवीचं दार उघडतं, जीव आत, दार बंद. दातांच्या दवाखान्याला याहून शोभेल असं दुसरं झाड सांगा. शेकडो तोंडं, आणि एकही कण्हत नाही.

हे खादाड रुजवायचं तर सुरुवातीला टाकीत पाणी भरायचं नसतं. कृपया हे वाक्य लक्षात ठेवा. माती ओली ठेवायची, चिमूटचिमूट पुंजके रोवायचे, वरून पातळ प्लास्टिक ताणायचं आणि रोज नुसता फवारा मारायचा. मुळांनी माती धरली की मग हळूहळू पाणी. नाहीतर सगळं तरंगतं. डॉक्टरांनी मला जुना चिमटा आणि दाताच्या मागचं बघायचा तो छोटा आरसा दिला. महिनाभर मी वाकून वाकून लावणी केली. टाकीवर सूचना लावली, "पाणी घालू नये." रिसेप्शनवरच्या ताईंना ती तिथे बरी दिसेना, म्हणून त्यांनी ती शेजारच्या मनीप्लँटच्या कुंडीवर चिकटवली. मनीप्लँट वाळला. टाकीचं काय झालं ते आता सांगते.

त्या मंगळवारी माझी दाढ होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला, म्हणाले, "बधिर होऊ द्या, आलोच." आले ते कोपरापर्यंत ओले. चेहऱ्यावर समाधान. "काकू, टाकीत पाणी घालायचं विसरलात तुम्ही. होतं असं या वयात. मी बादलीने भरून टाकली. आणि सहा गोल्डफिश सोडलेत."

मी दोन्ही हात हवेत नाचवले. खुर्चीवर पाय आपटले.

"अजून दुखतंय का?" असं म्हणून त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं.

मेहनतीवर पाणी फिरणं म्हणजे काय, ते मी बाहेर येऊन काचेतून पाहिलं. न्हाव्याच्या दुकानात खाली केस पडतात तसं माझं खादाड वर तरंगत होतं, आणि खाली गोल्डफिशची पंगत बसली होती. मी ताईंना समजावायला गेले. दोन इंजेक्शनांनंतर माणूस कसं बोलतो ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त ताईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या मुलीला फोन लावला: "तुमच्या आई टाकीत पाणी घालायला विसरल्यात, तोंड वाकडं झालंय, आणि गवताने मासे खाण्याबद्दल काहीतरी बोलतायत."

तेव्हापासून रोज सकाळी मुलगी फोनवर विचारते, "आई, आज वार कोणता?" मी सांगते, "तुला ऑफिसला उशीर होणार आहे, तो वार." माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर "मीठ" अशी चिठ्ठी आहे. स्मरणशक्ती तपासणाऱ्या एका तज्ज्ञाने मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं, गजरासकट. त्यांना गजर जास्तीचा वाटला. आता ठरलंय असं, की पहिल्या तारखेपासून माझा फ्लॅट बंद आणि माझी रवानगी मुलीकडे, मागच्या खोलीत. तिथे उजेड इतका बेताचा, की शेवाळसुद्धा धरणार नाही. माझ्या चारही टाक्या कुठे जायच्या, हे कोणी विचारलेलं नाही.

मी समजावलं नाही का? तुम्ही करून बघा. माशांच्या टाकीत मी मुद्दामच पाणी घातलं नव्हतं, असं पोटच्या पोरीला पटवून बघा. जितकं समजवावं तितकी ती जावयाकडे बघते. डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला. पुढच्याच भेटीत विषय काढला. ते म्हणाले, "मोठं उघडा."

म्हणून आज, भर सभेत.

डॉक्टर, आपण निवृत्त होऊन मुलाकडे राहायला निघालात. रागाने निरोप देणं माझ्या संस्कारात बसत नाही. मी भेट आणली आहे. अध्यक्षांसमोर टेबलावर ती काचेची बरणी आहे ना, तीच. फिल्टरमागे खादाडाचा एक पुंजका अडकून वाचला होता. तुमच्याच आरशात मला तो दिसला, तुमच्याच चिमट्याने मी काढला. आता त्याला तांदळाच्या दाण्याएवढं फूल आलंय. बरणीत चिखल आहे, पाणी नाही. येताना टॅक्सीत मुलगी हळूच म्हणाली, "आई, बरणीत पाणी घालायचं राहिलं गं." मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. टॅक्सीवाल्याला पटलं. तिचं कळलं नाही.

असो. आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली होती, ती मी केव्हाच संपवली. बोलावल्याबद्दल आभार. बोलताना कुणाच्या वर्मी लागलं असेल तर उदार मनाने सोडून द्यावं, दाढा तर आपण सोडल्याच आहेत. डॉक्टर, माझी मागणी एवढीच, की टाकी मुद्दाम कोरडी होती आणि विसराळू मी नव्हते, असं आपण आपल्या सहीने...

अध्यक्ष महोदय, तो ग्लास. काय करताय आपण? झाकण कशाला उघडलंत?

कोण बोललं? तिसऱ्या रांगेतून? माझी मुलगी उभी आहे. काय म्हणालीस? इथे ऐकू आलं नाही, पुन्हा म्हण. "काका, पाणी नका घालू, ते मुद्दाम घातलेलं नाही."

बस खाली, बाळ. सगळ्यांनी ऐकलं.

तरीही मला हे लेखी हवं आहे. डॉक्टरांचं पत्र, आणि मुलीचं वेगळं, मागच्या खोलीबाबत. दोन्ही शनिवारी सकाळी दहाच्या आत, माझ्या घरच्या पत्त्यावर. मी तिथेच असेन. आणि अध्यक्ष महोदय, ते पाणी आपण पिऊन टाका.