आगीचा शेवटचा पत्ता

त्या दिवशी सकाळपासून मळभ होतं, वारा मुळीच नव्हता आणि पडवीत बसूनही घाम निथळत होता. नात सायली उद्याच मुंबईला निघणार होती. मी म्हटलं, "चार दिवस राहा गो." ती म्हणाली, "मंत्रांच्या पत्त्यांच्या खेळात मला हरवा, राहते."

पत्त्यांवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, मी चित्रं ओळखून खेळत होतो. आगीचा मंत्र टाकला आणि तिचे खेळातले प्राण कमी करायला लागलो, तशी ती ओरडली, "थांबा आजोबा! टाकला म्हणजे लागला असं नाही. आधी मोठ्याने सांगायचा. मी उलटा मंत्र टाकून तो मोडू शकते. मी हो म्हटलं, तरच लागतो."

शेवटी तिचे तीन प्राण उरले, माझा एकच. माझ्याकडे आगीचा शेवटचा पत्ता, नेमके तीन प्राण घेणारा. तिच्याही हातात एकच, आणि ती तो सारखा कुरवाळत होती. शेजारचा बाबू श्वास रोखून बघत होता.

मोठ्याने सांगायची मला एकच रीत ठाऊक. देवळात देवापुढे गावाचं गाऱ्हाणं दरवर्षी मीच घालतो. पत्ता ठेवला, हात जोडले आणि सावकाश म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ही आग लागू होऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला सगळ्या गावाबरोबर होकार द्यायच्या लहानपणापासूनच्या सवयीने सायली बोलून गेली. उलटा मंत्र तिच्या हातातच राहिला.

मी म्हटलं, "चुकून बोललीस, टाक तुझा पत्ता." तिने मान हलवली. "नाही आजोबा, हो म्हटलं ते म्हटलं. हरले मी."

बाबू माझ्या कानाशी लागला, "अण्णा, बघतोस काय? पोरगी दुसरा उलटा मंत्र काढायच्या आत तिची बॅग माळ्यावर टाक!"