समस्या सुटली

(हॉस्पिटलातली रेकॉर्डची खोली. फाइली सांभाळणाऱ्या ताई आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. दार आतून लोटलेलं.)

ताई : म्हणजे आत्ता काढलंस ते सर्चचं सॉफ्टवेअर? ती बाई गेल्यावर?

दुरुस्तीवाला : हळू बोला ना, ताई. बाहेर बाकावर नवरा बसलाय तिचा.

ताई : माहितीये मला. सकाळपासून बसलाय. पाणी विचारलं, तर नको म्हणाला.

दुरुस्तीवाला : आल्या आल्या काढलं. आता बघा, मशीन कसं पळतंय.

ताई : पळतंय म्हणे! मंगळवारी कुठे गेलं होतं पळायला? इमर्जन्सीतून डॉक्टरांचा फोन, ‘हिला कुठलं औषध चालत नाही का, पटकन बघा.’ मी नाव टाकलं. बाण जागचा हलेना. मग स्क्रीन निळा, मग आपोआप बंद. नऊ मिनिटं, बाबा! फोन माझ्या कानालाच होता. डॉक्टर तरी किती थांबणार? दिलं इंजेक्शन.

दुरुस्तीवाला : त्याचं कसं आहे, ते सॉफ्टवेअर स्कॅन केलेले सगळे कागद मागच्या मागे वाचत बसतं. म्हणून मग आतला कुठलाही शब्द शोधला की लगेच सापडतो; नुसती नावानं फाइल काढायला ते लागतही नाही. पण आपलं मशीन जुनं. त्याला झेपत नव्हतं.

ताई : हे तुला कधी कळलं?

दुरुस्तीवाला : म्हणजे... तसं नक्की...

ताई : मी काय विचारतेय?

दुरुस्तीवाला : तुमच्या दुसऱ्या तक्रारीलाच. पण मोठ्या साहेबांना केवढं कौतुक त्याचं! कुठलाही शब्द टाका, कागद हजर. येईल त्याला दाखवायचे. काढू का म्हणून विचारायची हिंमतच झाली नाही. म्हटलं, बंद-चालू करून भागतंय तोवर भागवू.

ताई : आणि त्याच कौतुकापायी माझी कपाटं रिकामी करून फाइली गोदामात धाडल्या. नाहीतर डोळे मिटून काढली असती मी तिची फाइल.

दुरुस्तीवाला : ताई, चार वाजता चौकशी आहे. तुमच्या त्या तक्रारीच्या तीन चिठ्ठ्या... नाही दाखवल्या तर? ऐन वेळी मशीन बिघडलं, एवढंच सांगू. नोकरी जाईल हो माझी. धाकटी आत्ता कुठे शाळेत जायला लागलीय.

ताई : या बघ चिठ्ठ्या. घे हातात. वाच.

दुरुस्तीवाला : ‘कॉम्प्युटर अडकतो, मध्येच बंद पडतो.’ खाली माझं, ‘बंद करून चालू केला. समस्या सुटली.’

ताई : त्याच्या खाली?

दुरुस्तीवाला : तुमची सही.

ताई : तिन्हींवर. तूच म्हणायचास, ‘द्या ना सही, तक्रार उघडी राहिली की साहेब मला झापतात.’ मला वाटायचं, कशाला उगीच कुणाच्या पोटावर पाय द्यायचा? एकदा तर डबा उघडायच्या घाईत केली, न वाचताच. सुटलेली नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? दुसऱ्या दिवशी परत तेच रडगाणं.

दुरुस्तीवाला : मग या दाखवल्या तर तुम्हीसुद्धा अडकाल की!

ताई : अडकेन. सात महिने राहिलेत निवृत्तीला. पण मंगळवारपासून डोळ्याला डोळा नाही रे माझ्या. एकतीस वर्षांची होती. माझ्या लेकीएवढी.

दुरुस्तीवाला : तिच्या नवऱ्याला काय हवंय?

ताई : फाइलीची प्रत. थांब, काढतेच... अगं बाई!

दुरुस्तीवाला : काय झालं? परत अडकला?

ताई : नाही रे. आली. लगेच आली. पहिल्याच पानावर आहे, बघ. लाल शाईनं. ‘हे इंजेक्शन देऊ नये.’

दुरुस्तीवाला : मंगळवारी दिलं, तेच?

ताई : बघत काय राहिलास? प्रिंट काढ.

दुरुस्तीवाला : किती?

ताई : दोन. एक त्यांना, एक चौकशीला. चौकशीच्या प्रतीला चिठ्ठ्या टाचून टाक.

दुरुस्तीवाला : तिन्ही?

ताई : तिन्ही.

दुरुस्तीवाला : प्रतीवर शिक्का मारलाय, ताई. ‘मूळ नोंदीशी ताडून पाहिली.’ खाली तुमची सही लागेल.

ताई : आधी तो चष्मा दे इकडे. या वेळी वाचून करते.