बिनसाखरेचा चहा

श्रीनिधी : ...पण पप्पा, चहा प्यायचा नाही असं कायद्यात कुठंच लिहिलेलं नाही! मी शोधून वाचलंय.

पप्पा : तू दहावीचं वाच. उद्या जिनिंगवर कापूस तोलायच्या काट्याची पूजा आपली आपण करायची. बन्सीला बोलवायचं न्हाई. झालं.

श्रीनिधी : झालं कसं? दरवर्षी आपल्या काट्याला मी कुंकू लावते अन् हार बन्सीकाकांची ईश्वरी घालते. दुसऱ्या दिवशी बन्सीकाकांच्या जिनिंगवर बरोबर उलटं. आमच्या दोघींचा कापसाचा हंगाम असाच सुरू होतो! एवढा लांब हार, दुसरं टोक कोण धरणार?

पप्पा : मुनीम धरतील.

श्रीनिधी : मुनीमकाका? ते काट्यावर उभे राहिले की आधी स्वतःचं वजन बघतात. हार जाईल खाली.

पप्पा : हसू नको. वकीलसाहेबांनी पुण्याहून बजावलंय, दुसऱ्या जिनिंगवाल्याशी बोलणं न्हाई.

श्रीनिधी : धंद्याचं बोलणं नाही! तुम्ही फोन स्पीकरवर ठेवला होता, मी सगळं ऐकलंय. कापसाच्या भावाचा शब्द काढायचा नाही म्हणाले. दोस्तीचं काहीच म्हणाले नाहीत.

पप्पा : दोस्तीच होती की ती. आमी चार जिनिंगवाले वीस वर्षं रोज सकाळी स्टेशनासमोर चहाला बसायचो. त्यात काय चोरी?

श्रीनिधी : चहात नव्हती. पण कप खाली ठेवेपर्यंत दिवसाचा भाव ठरायचा ना? मग बाजार समितीत ओरडून ओरडून लिलाव बोलायचात, ते काय होतं?

पप्पा : कुणी शिकवलं तुला हे?

श्रीनिधी : संघप्रियानं. माझ्या वर्गातली, वालूरच्या शेतकऱ्याची पोरगी. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या पप्पांच्या चहाचं बिल आमच्या कापसानं भरलं." खरंच होतं ना ते.

पप्पा : ...आमाला ते 'ठरवणं' वाटतच नव्हतं गं. एकानं भाव चढवला तर दुसऱ्याचं नुकसान. दोस्ताचं नुकसान करायचं न्हाई, एवढंच डोक्यात.

श्रीनिधी : अन् शेतकऱ्याचं?

पप्पा : ते टेबलाशी नव्हते ना बसलेले.

श्रीनिधी : पप्पा!

पप्पा : कळलंय आता. दंड बसल्यावर लय कळतं. हल्ली तर नुसता कापूस धरत न्हाईत, सरकी, तेल, सगळी उलाढाल धरून दंड लावता येतो. अन् चौघांत माफ कुणाला झाला? बन्सीला. स्पर्धा आयोगाकडं पयला जाऊन सगळं सांगून आला म्हणून. मला एका शब्दानं बोलला न्हाई.

श्रीनिधी : त्यांच्या वकिलानंच तोंड बंद ठेवायला सांगितलं असणार. ते सगळं गुप्त ठेवावं लागतं, तेही वाचलंय मी.

पप्पा : रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायला गं तो. सगळं सांगून आल्यावर बी.

श्रीनिधी : तुम्हाला राग आलाय, का करमत नाही?

पप्पा : राग आलाय.

श्रीनिधी : मग रोज सकाळी गाडी स्टेशनाकडं वळवून माघारी कशाला आणता? मम्मीला हॉटेलवाल्यानं सांगितलंय.

पप्पा : सवय हाय. हात आपोआप वळतो.

श्रीनिधी : मला पण सवय आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडला की लोणच्याची एक फोड मी झाकणात काढून ठेवते, ईश्वरीसाठी. ती पुढच्या बाकावर गेलीय. मागं बघतच नाही. सुट्टी संपेपर्यंत मी वाट बघते, मग मीच खाऊन टाकते. लय आंबट लागते पप्पा.

पप्पा : ...ये इकडं.

श्रीनिधी : नको. आधी फोन लावा.

पप्पा : समज लावला. बोलू काय? वीस वर्षं आमी भावच बोललो. गाठीला किती, सरकीला किती, उद्या काय होईल. ते सगळं काढून टाकलं तर बन्सीत अन् माझ्यात काय उरतं, तेच मला सुचंना झालंय.

श्रीनिधी : परीक्षा घेऊ? भाव सोडून बन्सीकाकांची एक तरी गोष्ट सांगा.

पप्पा : हे काय... चहा बिनसाखरेचा पितो.

श्रीनिधी : का?

पप्पा : का म्हणजे? आवडत असंल.

श्रीनिधी : पहिल्यापासून?

पप्पा : छे! पयले तर वरून साखर मागून घ्यायचा. हॉटेलवाला बरणीच त्याच्यापुढं ठेवायचा. मग... मग कधी बंद झालं कुणाला ठाऊक. 'एक बिनसाखर' म्हणून मीच सांगायचो की रोज.

श्रीनिधी : अन् विचारलं नाही कधी?

पप्पा : भावाच्या गडबडीत... त्याला काय झालंय का निधे? ईश्वरी काय बोलली होती का तुला?

श्रीनिधी : बोलली होती. पण मी सांगणार नाही. तुमचा दोस्त, तुम्ही विचारा.

पप्पा : वकीलसाहेब ओरडतील.

श्रीनिधी : मी शेजारीच बसते. 'भाव' म्हणालात की फोन हिसकावून घेणार. आहे की नाही कडक कायदा?

पप्पा : अन् त्यानं उचललाच न्हाई तर?

श्रीनिधी : तर उद्या हार मी एकटी घालीन. रडणार नाही. म्हणजे, लोकांसमोर नाही.

पप्पा : ...दे इकडं.

(रिंग बराच वेळ वाजत राहते.)

पप्पा : हॅलो... हां, मी माधव... न्हाई न्हाई, बाजाराचं काय न्हाई... ऐकायलास का? बन्सी, तू साखर कधी सोडलीस रे?